बाबांचं केईएम

२००९ ची गोष्ट. बाबांची अँजिओग्राफी झाली, तीन रक्तवाहिन्यांत अडथळे निघाले आणि डॉक्टरांनी बायपास सुचवली. बाबांनी तिथल्या तिथे नकार दिला. "छाती उघडलेला माणूस परत येत नाही. केईएमचं माहितीये मला."

हे केईएम काय, ते कोपरखैरण्याला घरी आल्यावर कळलं. १९६८ मध्ये बाबा परळच्या चाळीत राहायचे, गिरणीत नुकतेच लागले होते. त्या फेब्रुवारीत केईएममध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातलं पहिलं हृदयरोपण केलं. केप टाऊनला डॉ. बर्नार्ड यांनी जगातलं पहिलं केलं, त्याला जेमतेम अडीच महिने झाले होते. अख्ख्या परळची कॉलर ताठ! पण रुग्ण काही तासांतच गेला. त्याच वर्षी दुसरा प्रयत्न झाला, तोही रुग्ण वाचला नाही. बाबांच्या मनात तेवढंच राहून गेलं.

मग मी वाचायला बसलो. सेन यांनी आधी कित्येक वर्षं कुत्र्यांवर प्रयोग केले होते. पण ते काळाच्या फार पुढे होते. परकं हृदय शरीराने नाकारू नये म्हणून लागणारं सायक्लोस्पोरिन १९८० च्या दशकात वापरात आलं. मेंदूमृत्यूला कायद्याची मान्यता १९९४ मध्ये मिळाली आणि त्याच वर्षी दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. वेणुगोपाल यांनी देशातलं पहिलं यशस्वी हृदयरोपण केलं.

बायपासची गोष्टच वेगळी. छिद्र बुजवणं, झडप दुरुस्त करणं किंवा बदलणं, बायपास... यात हृदय आपलंच राहतं. ते थांबवावं लागलं तर तेवढा वेळ हृदय-फुप्फुस यंत्र रक्त फिरवतं. डॉ. गिबन यांनी ते १९५३ मध्येच यशस्वीपणे वापरलं होतं. आणि पायातली शीर वापरून बायपास करण्याची पद्धत अमेरिकेत डॉ. फावालोरो यांनी रुळवायला घेतली ती १९६७ मध्ये, म्हणजे बाबा घाबरले त्याच्या आदल्याच वर्षी!

हे सगळं मी बाबांना सांगितलं. ते शांतपणे ऐकून म्हणाले, "म्हणजे दुसऱ्याचं काही बसवणार नाहीत?"

"नाही. तुमच्याच पायातली शीर."

"मग करू या."

काही गोष्टी मात्र आम्हाला अनुभवानेच कळल्या. शुद्धीवर आल्यावर घशात नळी असते, बोलता येत नाही. बाबा हातानेच चहा मागत होते. छातीपेक्षा पाय जास्त दुखतो. खोकताना उशी छातीशी घट्ट धरायची. छातीचं हाड सांधायला दोनेक महिने लागतात, तोवर वजन उचलायचं नाही. आणि मधेच उगाच रडू येतं. संपात न रडलेला माणूस मालिका बघून रडला. हेही होतं, घाबरू नका.

तीन महिन्यांनी आम्ही खाडीच्या बाजूला फिरायला गेलो होतो. बाबांनी एकदम विचारलं, "त्या सेनसाहेबांचं पुढे काय झालं रे?"

"गेले, १९८२ मध्ये."

"संपाच्या वर्षी," बाबा म्हणाले. थोडं चालून परत थांबले. "म्हणजे दिल्लीचं ते बघायला नाही मिळालं त्यांना."

मग छातीवर हात ठेवून हळूहळू पुढे चालू लागले.