वीटभट्टीवरची मुले आणि ब्रे शाळेतली मुले : विल्यम्सबर्गची गोष्ट (थ्रेड)

१/ अमेरिकेतील विल्यम्सबर्ग हे १६९९ ते १७८० या काळात व्हर्जिनियाच्या राजधानीचे शहर होते. राजधानी रिचमंडला हलली आणि हे शहर मागे पडले. १९२६ पासून धाकट्या जॉन रॉकफेलर यांच्या पैशातून त्याचा जीर्णोद्धार सुरू झाला. आज ‘कलोनियल विल्यम्सबर्ग’ हे जिवंत इतिहासाचे एक विशाल संग्रहालय आहे.

२/ येथे मुलांना इतिहास केवळ काचेच्या कपाटातून दाखवला जात नाही. लोहाराचा भाता, सुताराचा रंधा, छापखान्यातील खिळे हे सारे प्रत्यक्ष वापरात दिसते. मुलांचा विशेष आवडता उपक्रम मात्र वीटभट्टीवरचा. उन्हाळ्यात मुले अनवाणी पायांनी चिखल तुडवतात. कारागीर तोच चिखल लाकडी साच्यात भरून विटा पाडतात, वाळवतात आणि पुढे शरद ऋतूत भट्टी लावून त्या भाजतात.

३/ एका भिंतीमागे किती श्रम असतात, हे पाठ्यपुस्तकापेक्षा चिखलात रुतलेला पाय लवकर शिकवतो. परंतु ते श्रम कोणाचे होते? अठराव्या शतकात या शहरातील निम्म्याहून अधिक रहिवासी कृष्णवर्णीय होते आणि त्यांतील बहुसंख्य गुलाम. आज जो खेळ आहे, तशा कामाला तेव्हा गुलामांची मुलेही जुंपली जात.

४/ जीर्णोद्धारानंतरची कित्येक दशके ही बाजू जवळजवळ अदृश्यच राहिली. १९७९ पासून कृष्णवर्णीय कलाकार गुलामांच्या भूमिका साकारू लागले. १० ऑक्टोबर १९९४ रोजी तेथे गुलामांच्या लिलावाचा प्रसंग उभा करण्यात आला. पूर्वजांच्या वेदनेचा हा तमाशा आहे, असा आक्षेप घेत निदर्शने झाली. हे लपवणे अधिक घातक आहे, असे आयोजकांचे म्हणणे होते. त्या उपक्रमाच्या प्रमुख क्रिस्टी कोलमन स्वतः कृष्णवर्णीय होत्या आणि लिलावात विकल्या जाणाऱ्या स्त्रीची भूमिका त्यांनीच केली.

५/ मुलांना हा इतिहास सांगण्याचा आणखी एक मार्ग त्याच शहरात दडलेला होता. १७६० मध्ये, बेंजामिन फ्रँकलिन यांच्या सूचनेवरून, लंडनच्या एका धर्मादाय संस्थेने येथे कृष्णवर्णीय मुलांसाठी शाळा काढली. तीच ब्रे शाळा. ॲन वेजर या तिच्या एकमेव शिक्षिका. त्यांच्या मृत्यूनंतर, १७७४ मध्ये, शाळा बंद पडली. तोवर तीनशे ते चारशे मुले तेथे शिकली असावीत, असा अंदाज आहे.

६/ शाळेचा हेतू उदात्त म्हणावा असा नव्हता. वाचन, ख्रिस्ती धर्मशिक्षण आणि मुलींना शिवणकाम एवढाच अभ्यासक्रम होता. धर्म शिकावा, आज्ञेत राहावे आणि गुलामगिरी ईश्वरी व्यवस्था म्हणून स्वीकारावी, ही अपेक्षा होती.

७/ परंतु अक्षर एकदा ओळखीचे झाले की ते कशासाठी वापरावे, हे शिकवणाऱ्याच्या हाती उरत नाही. आयझॅक बी हा या शाळेचा विद्यार्थी. १७७४ मध्ये तो मालकाकडून पळाला. त्याला पकडण्यासाठी वृत्तपत्रात दिलेल्या जाहिरातीत मालकानेच नोंदवले आहे की त्याला वाचता येते, आणि वडील स्वतंत्र असल्यामुळे आपणही स्वातंत्र्याचे हक्कदार आहोत, असे तो समजतो.

८/ या शाळेची मूळ इमारत काळाच्या ओघात विल्यम अँड मेरी महाविद्यालयाच्या आवारात विस्मृतीत गेली होती. तिच्या लाकडातील वार्षिक वलये तपासली असता ते लाकूड १७५९-६० च्या हिवाळ्यात तोडलेले असल्याचे आढळले आणि इमारतीची ओळख पटली. फेब्रुवारी २०२३ मध्ये अख्खी इमारत वाहनावर चढवून ऐतिहासिक परिसरात आणण्यात आली.

९/ चिखल तुडवणारे मूल घाम अनुभवते. सक्ती मात्र त्याला अनुभवता येत नाही, कारण कंटाळा आला की ते पाय धुऊन निघून जाऊ शकते. आयझॅकच्या पिढीला ती मुभा नव्हती. हा फरक मुलांना समजावून सांगणे, हीच अशा उपक्रमांची खरी कसोटी आहे. वीटभट्टी आणि ब्रे शाळा एकाच फेरीत दाखवल्या, तर वयाने लहान असलेल्या मुलालाही तो समजू शकतो.