‘वऱ्हाड’ या शब्दाची परीक्षा

गुरुकुंज मोझरी हे गावाचे नाव आणि हे गाव ज्या वऱ्हाडात आहे त्याचे नाव, ही दोन्ही देवनागरी अक्षरजुळणीची कसोटी पाहणारी आहेत. ‘गुरुकुंज’मध्ये ‘गु’चा उकार अक्षराच्या पायाशी येतो, पण लगेच पुढच्या ‘रु’चा उकार ‘र’च्या कमरेला चिकटतो, आणि ‘वऱ्हाड’मधला अर्धा र ‘ह’च्या डोक्यावर रफार होऊन बसत नाही, तर त्याच्या आधी लहानशा चंद्रकोरीसारखा लिहिला जातो. हा भेद मराठीला जपावाच लागतो, कारण ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ या दोन शब्दांत गुरू आणि स्वयंपाकी एवढे अंतर आहे.

खिळ्यांच्या छपाईत हा भेद माणसाच्या डोळ्यावर सोपवलेला होता. जावजी दादाजींनी १८६९ मध्ये मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला, त्या काळापासून अशा अक्षरांसाठी वेगळे खिळे पाडावे लागत, जुळारी ते खणांतून उचलून ओळीत बसवी आणि मुद्रितशोधक कच्च्या प्रतीवर खुणा करी. मात्र छपाई संपली की खिळे सोडून पुन्हा खणांत टाकले जात, त्यामुळे केलेली दुरुस्ती त्या आवृत्तीपुरतीच टिके. १९३५ मध्ये गुरुकुंज आश्रम स्थापणाऱ्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या ग्रामगीतेत ४१ अध्याय आणि ४६७५ ओव्या आहेत. एवढा ग्रंथ नव्याने जुळवायचा म्हटले की प्रत्येक ओवी नव्याने तपासणे ओघानेच येई.

१९९१ मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती आली आणि जगातल्या लिप्यांतील प्रत्येक वर्णाला एकेक संकेतांक देण्याची ही पद्धत पुढे सर्वमान्य झाली. तिच्यानुसार ‘वऱ्हाड’ म्हणजे व, ऱ, हलन्त, ह, काना आणि ड असे सहा संकेतांक होत, पण पडद्यावर आकृत्या पाचच उमटतात, कारण ‘ऱ’ आणि हलन्त मिळून ती चंद्रकोर होते. द्राविडी भाषांतल्या कठोर र-साठी ठेवलेला हा ‘ऱ’ मराठीच्या असा कामी आला. जुन्या पद्धतीत साधा ‘र’, हलन्त आणि त्यामागे एक अदृश्य जोडचिन्ह लिहीत, आणि तीही आजवर ग्राह्य आहे. संकेतांकांवरून आकृत्या निवडणाऱ्या आज्ञावलीला आकारजुळणी यंत्रणा म्हणतात. फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड आणि लिबरऑफिस यांत हे काम ‘हार्फबझ’ करते. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने घडवलेले आणि रेड हॅटने २००४ मध्ये खुले केलेले ‘लोहित’सारखे टंक अशाच यंत्रणेच्या आधारे पडद्यावर उमटतात.

अशा आज्ञावलीत अनेक माणसे रोज बदल करतात, म्हणून ‘कंटिन्युअस इंटिग्रेशन’ ही पद्धत रूढ झाली. तिच्यात प्रत्येक बदल मुख्य प्रतीत मिसळताना सर्व चाचण्या आपोआप चालवल्या जातात. कोहसुके कावागुची यांचे ‘हडसन’, जे २०११ पासून ‘जेनकिन्स’ या नावाने ओळखले जाते, हे त्याचे प्रसिद्ध साधन. परंतु हे साधन चाचणी चालवते आणि निकाल कळवते, ‘वऱ्हाड’ कसे दिसावे हे त्याला ठाऊक नसते. ते भाषा जाणणाऱ्याने लिहूनच ठेवावे लागते. हार्फबझमध्ये अशी प्रत्येक चाचणी म्हणजे एक ओळ: टंकाची फाइल, पर्याय, संकेतांक आणि अपेक्षित आकृत्या, असे चार भाग अर्धविरामांनी वेगळे केलेले. पर्यायांत भाषा मराठी असल्याचे सांगता येते, म्हणजे टंकात सोय असल्यास ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे निवडले जातात. मिळालेल्या आकृत्या चौथ्या भागाशी तंतोतंत जुळल्या नाहीत तर चाचणी नापास ठरते. खिळे सोडताना हरवणारी दुरुस्ती इथे कायमची नोंदली जाते, आणि मराठी अक्षराच्या इतिहासात ही गोष्ट लहान नाही.

या परीक्षेला आकृतीची निवड आणि जागा कळते, तिचा डौल कळत नाही. चंद्रकोर फार बारीक झाली आहे काय, हे अजूनही डोळ्यानेच पाहावे लागते. शिवाय ‘वऱ्हाड’साठी एक ओळ अपुरी पडते. ‘ऱ’ची एक, जोडचिन्हाची दुसरी, आणि तिसरी ‘आचार्यांना’ या शब्दाची, जिथे रफारच अपेक्षित आहे. ही तिसरी नसेल तर चंद्रकोर सुधारण्याच्या भरात एखादा बदल आचार्यांचा रफार पुसून जाईल आणि पहिल्या दोन्ही ओळी तरीही उत्तीर्ण होतील.