शीर्षकांचं इस्पितळ : नाव बदललं की वाचक बदलतो का?



मागच्या महिन्यात आपल्या व्याख्यानमालेचं ध्वनिमुद्रण सांभाळणारी मुलं आमच्याकडे आली होती. हातात एक आलेख होता, आमच्याच एका भाषणाचा. त्या भाषणाला आम्ही नाव दिलं होतं, 'न्यायदर्शनातील वाद, जल्प आणि वितंडा'. पॉडकास्टवर ते चढवलं तेव्हा ऐकणारे किती? एका बैठकीच्या खोलीत मावतील इतके. मुलांनी आम्हाला न विचारता नाव बदललं आणि ठेवलं, 'वाद जिंकायचा कसा?' आलेखाची रेघ झपकन वर गेली. पण त्याच कागदावर खाली दुसरी रेघ होती. कोण कितव्या मिनिटाला उठून गेला, हे ती सांगत होती. चौथ्या मिनिटाच्या आसपास ती कड्यावरून उडी मारल्यासारखी कोसळली होती.

मुलं म्हणाली, "सर, आता कोणतं नाव ठेवायचं?" आम्ही म्हटलं, महिनाभर थांबा. हा प्रश्न तुमच्या मोबाईलने जन्माला घातलेला नाही. शंभर वर्षांपूर्वी एका माणसाने तो कोट्यवधी पुस्तकांवर तपासून पाहिला आहे. आज आपण त्याची गोष्ट बघणार आहोत.

हा माणूस म्हणजे इमॅन्युएल हाल्डमन-ज्युलियस. जन्म 1889 चा, फिलाडेल्फियातला. स्थलांतरित ज्यू कुटुंबातला मुलगा, शिक्षण बेताचं. पंधराव्या वर्षी त्याने ऑस्कर वाइल्डची 'बॅलड ऑफ रीडिंग जेल' ही दीर्घ कविता एका स्वस्त पुस्तिकेत विकत घेतली आणि थंडीत बाकावर बसून एका दमात वाचून काढली. असं पुस्तक सगळ्यांना परवडलं तर काय होईल, हा विचार त्याच्या डोक्यात तेव्हापासून बसला. पुढे तो समाजवादी पत्रकार झाला आणि कॅन्सस राज्यातल्या जिरार्ड नावाच्या लहानशा गावी आला. तिथून 'अपील टू रीझन' हे समाजवादी साप्ताहिक निघत असे. 1916 साली त्याने मार्सेट हाल्डमन हिच्याशी लग्न केलं आणि दोघांनी एकमेकांची आडनावं जोडून घेतली. म्हणजे पुस्तकांची नावं बदलण्याआधी गृहस्थाने स्वतःचं नाव बदललं होतं, बरं का!

1919 मध्ये त्याने त्या साप्ताहिकाचा छापखाना हाती घेतला आणि खिशात मावतील अशा पुस्तिका काढायला सुरुवात केली. पहिल्या दोन पुस्तिकांत एक उमर खय्यामच्या रुबाया होत्या आणि दुसरी अर्थातच वाइल्डची ती कविता. किंमत उतरत उतरत पाच सेंटांवर आली आणि मालेला नाव पडलं 'लिटल ब्लू बुक्स'. शेक्सपिअर, प्लेटो, व्होल्टेअर, शिवाय स्वयंपाक, व्याकरण, संततिनियमन, नास्तिकता, सगळं त्यात होतं. 1928 साली त्याने आपल्या अनुभवांवर पुस्तक लिहिलं तेव्हा त्याचं नाव होतं 'द फर्स्ट हंड्रेड मिलियन', म्हणजे पहिले दहा कोटी.

आता आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी, की ही पुस्तकं विकली कशी जात होती? पोस्टाने. वर्तमानपत्रात पानभर जाहिरात यायची आणि तिच्यात शेकडो शीर्षकांची नुसती यादी असायची. प्रत्येकाला क्रमांक होता. वाचकाने हवे ते क्रमांक लिहायचे आणि पैसे पाठवायचे. रंगीत मुखपृष्ठ नाही, मलपृष्ठावर कौतुकाचा मजकूर नाही, 'हे घेऊन जा' म्हणणारा ओळखीचा दुकानदारही नाही. किंमत, आकार, निळसर आवरण सगळ्यांचं जवळजवळ सारखंच. वाचकापुढे फक्त नाव. आम्ही वर्गात प्रयोगाची व्याख्या शिकवायचो, बाकी सगळं स्थिर ठेवून एकच घटक बदलायचा. ज्युलियसच्या धंद्याची रचनाच अशी होती की तो प्रयोग आपोआप उभा राहिला.

त्याने काय केलं? प्रत्येक पुस्तिकेचा वर्षाचा खप मांडला. वर्षाला दहा हजार प्रती खपल्या नाहीत, की ती पुस्तिका आजारी. तिची रवानगी तो ज्याला 'हॉस्पिटल' म्हणत असे त्या विभागात. तिथे तपासणी व्हायची. मजकुरात दम आहे ना? मग नाव चुकलंय का? की यादीत चुकीच्या वर्गात पडली आहे? बहुतेकदा औषध एकच निघायचं, नवं नाव. त्यानेही गुण आला नाही तर मग शवागार, म्हणजे यादीतून गच्छंती.

आकडे ऐका. तेओफिल गोतिएची एक कथा 'फ्लीस ऑफ गोल्ड', म्हणजे सोनेरी लोकर, या नावाने 1925 मध्ये सुमारे सहा हजार खपली. पुढच्या वर्षी तिचं नाव झालं 'सोनेरी केसांच्या प्रेयसीचा शोध', आणि खप गेला पन्नास हजारांवर. व्हिक्टर ह्यूगोच्या 'राजा मजा करतो' या नाटकात राजाच्या मागे 'कामातुर' हे विशेषण लावलं, तर आठ हजारांचे अडतीस हजार झाले. चित्रकार व्हिस्लर याने 1885 साली लंडनमध्ये एक व्याख्यान दिलं होतं. ते रात्री दहाला होतं म्हणून त्याचं नाव 'टेन ओ'क्लॉक'. कॅन्ससमधल्या शेतकऱ्याला त्यातून काय कळणार? दोन हजारसुद्धा खपेना. 'कलेचा तुमच्यासाठी अर्थ काय' असं नाव दिल्यावर नऊ हजारांच्या घरात गेलं. आणि शोपेनहाउअरचं 'आर्ट ऑफ कॉन्ट्रोव्हर्सी' जवळजवळ पडूनच होतं. त्याला 'तर्कशुद्ध वाद कसा घालावा' असं नाव दिलं आणि तीस हजार प्रती गेल्या.

इथे थोडं थांबू या. हे आकडे ऐकून टाळ्या वाजवायचा मोह होतो, पण आमचं आयुष्य तर्कशास्त्र शिकवण्यात गेलं आहे. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, म्हणून कावळ्याने फांदी मोडली असं म्हणता येत नाही. ज्युलियस 1925 ची तुलना 1926 शी करत होता. त्या वर्षभरात जाहिराती बदलल्या असतील, वाचकांची संख्या बदलली असेल. आजची मुलं अधिक काटेकोर आहेत. ती एकाच वेळी निम्म्या लोकांना एक नाव दाखवतात आणि उरलेल्या निम्म्यांना दुसरं, आणि ही वाटणी चिठ्ठ्या टाकल्यासारखी केलेली असते. मग काळाचा फरक उरत नाही. तरीही सहा हजारांचे पन्नास हजार हा फरक इतका मोठा आहे की त्यात नावाचा वाटा नव्हता असं म्हणणं हट्टाचं होईल. नावाने माणूस येतो, एवढं ज्युलियसने दाखवून दिलं.

खरा प्रश्न याच्या पुढे सुरू होतो. आलेल्या माणसाला नावाने जे कबूल केलं, ते आत मिळतं का?

वर सांगितलेली दोन उदाहरणं आपण नीट तपासून पाहू. गोतिएच्या कथेत काय आहे? एक तरुण चित्रवेडा माणूस रूबेन्सची चित्रं बघून सोनेरी केसांच्या स्त्रीच्या शोधात बेल्जियमला जातो. अँटवर्पच्या कॅथीड्रलमध्ये रूबेन्सच्या चित्रातल्या मॅग्डालेनवरच तो भाळतो. म्हणजे 'सोनेरी केसांच्या प्रेयसीचा शोध' हे नाव कितीही बाजारू वाटलं तरी कथेशी प्रामाणिक आहे. उलट 'सोनेरी लोकर' वाचून एखादा वाचक ग्रीक पुराणकथा समजून पुस्तक मागवील आणि फसेल. भारदस्त नाव दिशाभूल करणारं आणि सवंग नाव खरं!

आता शोपेनहाउअर. 'तर्कशुद्ध वाद कसा घालावा' हे किती सभ्य नाव. एखाद्या शिक्षकाने शिफारस करावी असं. पण पुस्तकात काय आहे? आपली बाजू खरी असो वा खोटी, ती टिकवायची कशी, याच्या 38 युक्त्या. समोरच्याचं विधान ताणून मोठं करा, मग ते पाडणं सोपं. त्याला राग आणा. हरताय असं दिसलं तर विषय बदला. सगळं संपलं की व्यक्तीवर घसरा. शोपेनहाउअर सुरुवातीलाच बजावतो की सत्य काय हा एक प्रश्न आणि वादात बाजू कोणाची टिकते हा दुसरा, आणि आपण दुसऱ्याबद्दल बोलतो आहोत. लिखाणात बोचरा उपरोध आहे. त्यावर 'तर्कशुद्ध' ही चिठ्ठी लावणं म्हणजे विषाच्या बाटलीवर टॉनिक लिहिणं. त्या तीस हजारांपैकी किती जण तर्क शिकायला आले आणि कुतर्क शिकून गेले असतील?

आपल्याकडे गौतमाच्या न्यायसूत्रांनी हा भेद फार पूर्वी केलेला आहे. सत्य कळावं म्हणून दोघांनी मिळून करायची चर्चा म्हणजे वाद. जिंकण्यासाठी, प्रसंगी छळकपट वापरून केलेली ती जल्प. आणि स्वतःची बाजूच न मांडता समोरच्याची फक्त मोडायची ती वितंडा. न्यायसूत्रं जल्प-वितंडेला सरसकट हाकलत नाहीत. कोवळे कोंब राखायला काटेरी कुंपण लागतं, तशी त्यांची जागा आहे असं ती सांगतात. पण कुंपण म्हणजे पीक नव्हे. ज्युलियसने काय केलं, तर जल्प 'वाद' म्हणून विकला.

आणि आमच्या मुलांनी? त्यांनी उलटं केलं. आमचं भाषण होतं वादाबद्दल, त्यांनी ते जल्प म्हणून विकलं. जिंकायला आलेले श्रोते चौथ्या मिनिटाला निघून गेले. त्यांचं काय चुकलं?

ज्युलियसकडे जे नव्हतं ते या मुलांकडे आहे, आणि फरक नेमका इथेच पडतो. पुस्तक गेलं एवढंच ज्युलियसला कळत होतं. ते वाचलं गेलं, अर्ध्यात टाकलं की टेबलाच्या पायाखाली लावलं, हे कळायला त्याला मार्ग नव्हता. पॉडकास्टच्या बाबतीतही बराच काळ फक्त किती जणांनी उतरवून घेतलं एवढाच आकडा मिळायचा. 2017 च्या अखेरीस अॅपलने श्रोते भाग कुठपर्यंत ऐकतात ते निर्मात्यांना दाखवायला सुरुवात केली, यूट्यूबवरही तसा आलेख मिळतो. पहिली रेघ सांगते की नावाने किती माणसं आणली. दुसरी रेघ सांगते की नावाने दिलेला शब्द पाळला गेला का. शीर्षक सुधारायचं तर दोन्ही रेघा शेजारी ठेवून वाचायला हव्यात. फक्त पहिली वाचली की आपण सगळे हळूहळू राजाला 'कामातुर' करत सुटतो.

न्यायशास्त्रात अनुमानाचे पाच अवयव सांगितले आहेत. पहिला प्रतिज्ञा, शेवटचा निगमन. प्रतिज्ञेत जे म्हटलं तेच निगमनात सिद्ध होऊन परत यावं लागतं. शीर्षक ही प्रतिज्ञा समजा. भाषण संपताना श्रोत्याला ते नाव पुन्हा ऐकवलं आणि तो 'हो, हेच तर ऐकलं' म्हणाला, तर नाव खरं, मग ते कितीही चटपटीत असो. गोतिएची कथा या कसोटीवर उतरते, शोपेनहाउअरची पुस्तिका उतरत नाही.

आणखी एक गोष्ट सांगून संपवतो. 1922 च्या सुमारास ज्युलियस न्यूयॉर्कमध्ये एका रस्त्याने चालला होता. लेबर टेम्पल नावाच्या चर्चबाहेर पाटी होती, आज संध्याकाळी पाच वाजता प्लेटोवर व्याख्यान. तो आत जाऊन बसला. वक्ता होता विल ड्युरंट. ज्युलियसने त्याला लिहून कळवलं, हे भाषण मला पुस्तिकेसाठी द्या. एकाच्या अकरा पुस्तिका झाल्या, आणि 1926 साली त्यांचा एकत्र ग्रंथ झाला, 'स्टोरी ऑफ फिलॉसफी'. आमच्या पिढीतल्या कितीतरी जणांना तत्त्वज्ञानाच्या दारात आणून सोडलं ते या ग्रंथाने. आणि सुरुवात कशी झाली? साध्या पाटीवरच्या नावाने. ज्युलियसच्या स्वतःच्या इस्पितळात ती पाटी गेली असती, तर तिच्यावर शस्त्रक्रिया झाली असती. त्या दिवसाच्या आलेखात तो फक्त 'एक श्रोता' म्हणून दिसला असता. आकडा किती ते सांगतो, कोण ते सांगत नाही.

म्हणून आकडे फेकून द्या असं आम्ही म्हणत नाही. आम्ही तो आलेख पुन्हा बघितला तेव्हा आमच्या लक्षात आलं की पहिली आठ मिनिटं आम्ही सूत्रं आणि भाष्यकारांची नावंच सांगत बसलो होतो. आजार सगळा नावाचा नव्हता, थोडा आमचाही होता. गोतिए आणि शोपेनहाउअर आपलं लिखाण दुरुस्त करायला उठून येऊ शकत नव्हते. आम्ही जिवंत आहोत. भाषणाचा आरंभ आम्ही पुन्हा बोललो, घरात रोज होणाऱ्या एका भांडणापासून सुरुवात केली, आणि नाव दिलं, 'भांडण आणि चर्चा : फरक कुठे पडतो?' येणारे 'वाद जिंकायचा कसा?' पेक्षा कमी आहेत. पण चौथ्या मिनिटाचा तो कडा आता राहिलेला नाही.

मुलं म्हणतात, "सर, आकडा खाली आला." आम्ही म्हटलं, कोणता आकडा, ते आधी सांगा.