संप्रेरकांच्या वाटेतील विष

पेशीला न मारताही काही रसायने शरीराचे कार्य बिघडवतात. मुंबईलगतच्या खाडीच्या गाळात सापडलेले डीडीटीचे अवशेष म्हणूनच चिंताजनक ठरतात.

नेहमीची प्रक्रिया : पीयूषिका ग्रंथीतून स्रवणारे ‘एलएच’ हे पेप्टाइड वर्गातील संप्रेरक वृषणातील लायडिग पेशींना आदेश देते. मग ‘स्टार’ हे प्रथिन कोलेस्टेरॉल तंतुकणिकेच्या आत पोहोचवते आणि त्यापासून टप्प्याटप्प्याने टेस्टोस्टेरॉन हे स्टेरॉइड तयार होते.

बाधा : प्लॅस्टिक लवचिक करणाऱ्या काही थॅलेटांमुळे ‘स्टार’ घटते व टेस्टोस्टेरॉन कमी स्रवते, असे उंदरांच्या गर्भांवरील प्रयोगांत दिसले. डीडीटीपासून बनणारे डीडीई मात्र टेस्टोस्टेरॉनचा ग्राहीच अडवते. संप्रेरक असूनही त्याचे काम होत नाही.

खाडीलगतची उपनगरे : भारतात शेतीसाठी डीडीटीवर १९८९ मध्ये बंदी आली, हिवताप नियंत्रणासाठी वापर पुढेही चालू राहिला. हे रसायन लवकर विघटित होत नाही, मेदात साठते आणि गाळातून मासळीत, मासळीतून माणसात येऊ शकते. मुलुंड, घाटकोपरच्या पूर्वेलाच ठाणे खाडी आहे. सर्वाधिक धोका गर्भाला असतो. पुरुष जननेंद्रिये घडण्याच्या मोजक्या आठवड्यांत टेस्टोस्टेरॉनचे काम अडले, तर ती हानी पुढे आपोआप भरून निघत नाही.