काँगो : नदी, रेल्वे आणि रबर

आफ्रिकेचा नकाशा पाहिला तर काँगो नदी विषुववृत्त दोनदा ओलांडताना दिसते. सुमारे ४७०० किलोमीटर लांबीच्या या नदीला विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंनी उपनद्या मिळतात. एका बाजूला कोरडा हंगाम असतो तेव्हा दुसरीकडे पाऊस पडत असतो. त्यामुळे तिला वर्षभर भरपूर पाणी असते.

पोर्तुगीज दर्यावर्दी दिओगो काओ १४८२ साली तिच्या मुखाशी पोहोचला. त्यानंतर किनाऱ्यावर गुलामांचा व्यापार वाढला. पण युरोपीय जहाजे नदीतून आतल्या खोऱ्यात शिरू शकली नाहीत. याचे एक मोठे कारण भूगोलात सापडते. आजच्या किन्शासापासून मातादी बंदरापर्यंत, सुमारे ३५० किलोमीटरांत, नदी जवळजवळ २७० मीटर खाली उतरते. येथे एकामागून एक द्रुतवाह, म्हणजे खडकांवरून उसळत धावणारे प्रवाह आहेत.

१८७७ साली स्टॅन्ली आतल्या भागातून मुखापर्यंत आला आणि वरच्या खोऱ्याची माहिती युरोपला झाली. १८८५ मध्ये बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड या प्रदेशाचा जणू खाजगी मालक बनला. १८८८ साली डनलॉपने हवा भरलेला टायर बनवला आणि पुढे रबराची मागणी वाढली. लागवडीच्या रबराला काही वर्षे थांबावे लागते; काँगोच्या जंगलात मात्र रबराच्या रानवेली तयारच होत्या. द्रुतवाहांना वळसा घालणारी रेल्वे १८९८ मध्ये पूर्ण झाली आणि हा माल बंदरापर्यंत नेणे सोपे झाले.

रबर गोळा करण्याची सक्ती गावोगाव झाली. ठरलेला चीक न आणणाऱ्यांना फटके बसत, बायकांना ओलीस धरले जाई, हातही तोडले जात. हिंसा, उपासमार आणि रोगराईने लाखो माणसे मेली.

हे उघड होण्यास एका कारकुनाची हिशेबी नजर उपयोगी पडली. जहाज कंपनीत काम करणाऱ्या मोरेलला अँटवर्प बंदरात दिसले, की काँगोहून रबर व हस्तिदंत येतात, पण परत जातात त्या मुख्यतः बंदुका आणि काडतुसे. व्यापार असता तर मोबदल्याचा माल गेला असता. म्हणजे हे वेठबिगारीचे रबर होते. १९०४ मध्ये ब्रिटिश वाणिज्यदूत केसमेंटच्या अहवालाने याला दुजोरा दिला. १९०८ साली राजाकडून हा प्रदेश बेल्जियम सरकारकडे गेला. स्वातंत्र्य ३० जून १९६० रोजी मिळाले.

आज बॅटऱ्यांसाठी लागणारे जगातील निम्म्याहून अधिक कोबाल्ट याच देशातून येते. वर्गात काँगोची खनिजे शिकवताना मोरेलचा प्रश्न आपण विद्यार्थ्यांपुढे ठेवू या : तिथून काय बाहेर जाते, आणि बदल्यात तिथल्या माणसांकडे काय येते?