शब्दकोड्याची कुळकथा

दिलेल्या संकेतांवरून शब्द ओळखण्याचा खेळ भारतात फार जुना आहे. कामसूत्रातील चौसष्ट कलांत प्रहेलिका, म्हणजे कोडे घालण्याची व सोडवण्याची कला, गणलेली आहे. दंडीने ‘काव्यादर्शा’त तिचे सोळा प्रकार वर्णिले असून, रसिकांच्या मेळाव्यात करमणुकीसाठी, गर्दीत जाणकारांशी गुप्तपणे बोलण्यासाठी आणि इतरांना चकवण्यासाठी ती उपयोगी पडते, असे म्हटले आहे. संतांची कूट रचना, घरोघरचे उखाणे आणि कोकणातील हुमाणे यांनी हीच परंपरा लोकांच्या तोंडी जिवंत ठेवली.

या कुळात चौकटीचे शब्दकोडे मात्र बाहेरून आले. 21 डिसेंबर 1913 रोजी आर्थर विन यांनी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’मध्ये आधुनिक शब्दकोड्याचा पहिला नमुना छापला. त्यात शब्द एकमेकांना छेदत असल्यामुळे एका शब्दाचे उत्तर दुसऱ्याचा संकेत बनले. मराठीत आल्यावर या चौकटीने देवनागरीचा स्वभाव घेतला: रोमन लिपीत एका घरात एक वर्ण बसतो, तर मराठीत मात्रेसह किंवा जोडाक्षरासह एक पूर्ण अक्षर बसते. त्यामुळे ‘विरार’ला तीनच घरे लागतात, पण काटेकोर नियमाने त्याच्या पहिल्या घरातून ‘विहीर’ खाली उतरू शकते, ‘वीट’ नाही. मराठी कोडे रचणे अवघड होते ते या बंधनामुळेच.

शब्दकोड्याचा खरा कस मुंबई राज्यात लागला, आणि तेव्हा ठाणे जिल्ह्याचा भाग असलेली वसई-विरार त्याच राज्यात होती. प्रवेशशुल्क घेऊन मोठी बक्षिसे देणाऱ्या कोड्यांवर नियंत्रण व कर बसवणारा कायदा राज्याने 1948 मध्ये केला; बंगळूरहून निघणाऱ्या ‘स्पोर्टिंग स्टार’सारख्या पत्रांतील स्पर्धा 1952 च्या दुरुस्तीने त्याच्या कक्षेत आल्या. स्पर्धाचालक चामरबागवाला यांच्या खटल्यात सरन्यायाधीश सुधी रंजन दास यांच्या पीठाने 9 एप्रिल 1957 रोजी निकाल दिला, की ही स्पर्धा जुगाराच्या स्वरूपाची आहे, कारण तिचे यश कौशल्यावर पुरेसे अवलंबून नव्हते. त्याच दिवशीच्या दुसऱ्या निकालात, महिन्याला बक्षिसांची मर्यादा एक हजार रुपये ठरवणारा 1955 चा केंद्रीय कायदा कौशल्याच्या स्पर्धांना लागू नाही, असेही स्पष्ट झाले.

बक्षिसाची ओढ मागे पडली, तरी दैनिकातील शब्दकोडे टिकले, कारण त्याला रोजचा मोकळा वेळ मिळाला. विरारहून मुंबईतील बॅकबेपर्यंत उपनगरी गाडी 12 एप्रिल 1867 पासून धावू लागली, आणि आज विरार-चर्चगेट हे सुमारे साठ किलोमीटरचे अंतर रोज कापणाऱ्या वाचकाला असे कोडे सोबतीला पुरते. त्यात पैसा नसतो, पण ठरलेले उत्तर असते, आणि तेथवर पोहोचण्याची वाट संकेतांतून सापडते.

म्हणून शब्दकोडे रचणाऱ्याने एक दंडक पाळलाच पाहिजे: संकेत कितीही वळणाचा असो, छेदणाऱ्या अक्षरांसह तो विचार करणाऱ्या वाचकाला एकाच शब्दापाशी नेणारा हवा. जेथे दोन उत्तरे सारखीच बसतात आणि निवड केवळ रचनाकाराच्या मर्जीवर राहते, तेथे कोडे संपते आणि सोडत सुरू होते.