बाजार कलम : स्वस्त पानांचा मोठा डाव

१) सावंतवाडीची गंजिफा आज आपल्याला बहुधा काचेच्या चौकटीत भेटते. गोल पान, लाखेची चकाकी, मधोमध एखादा अवतार. पाहणारा चित्राची तारीफ करतो आणि पुढे जातो. या पानांनी खेळत कसे असत, हा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही. आजचा धागा त्या प्रश्नाविषयी आहे, आणि त्याहून अधिक या पानांच्या किमतीविषयी.

२) प्रारंभ थोडा दूरचा. जून १५२७. बाबराने आपल्या रोजनिशीत नोंदवले आहे की, सिंधमधील ठठ्ठ्याच्या शाह हसनाकडे त्याने मीर अलीच्या हाती गंजिफा पाठवल्या. शाह हसनाला या खेळाची आवड होती व त्याने त्या मागवल्या होत्या. हिंदुस्थानातील गंजिफेच्या आरंभीच्या लेखी उल्लेखांत या नोंदीचे स्थान मोठे आहे.

३) अकबराच्या काळी अबुल फझलाने ‘आईन-ए-अकबरी’त या खेळाला सविस्तर जागा दिली. बारा रंग, प्रत्येकी बारा पाने, एकूण १४४. अश्वपती, गजपती, नरपती, गढपती असे एकेका रंगाचे राजे. पुढे रूढ झालेली मोगल गंजिफा मात्र आठ रंगांची आणि ९६ पानांची. राजा, वजीर आणि एक ते दहा असे प्रत्येक रंगाचे बारा मोहरे.

४) दख्खनेत व कोकणात या सांगाड्यावर दशावतार चढले. मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा रंग, प्रत्येकी बारा, एकूण १२० पाने. मत्स्याचा मासा, कूर्माचे कासव, वामनाचा कमंडलू, परशुरामाचा परशू, रामाचा बाण, कल्कीची तलवार. काही अवतारांची चिन्हे प्रांताप्रांतात बदलत. पानांची संख्या व उतरंड मात्र बहुधा तीच राही.

५) सावंतवाडीची परंपरागत कथा अशी की, तेलंगणातून आलेल्या विद्वानांकडून तिसऱ्या खेमसावंतांच्या (१७५५–१८०३) दरबारी हा खेळ पोहोचला, राजांनी त्यात रस घेतला आणि तेथील चिताऱ्यांनी पाने घडवण्याची विद्या आत्मसात केली. लाकडी खेळण्यांसाठी प्रसिद्ध असलेली चितार आळी आजही त्या गावात आहे.

६) आता मुद्द्याकडे. गंजिफा दोन ‘कलमां’त रंगवली जाई. एक दरबार कलम : बारीक रेघ, भरगच्च किनार, सोन्याची झळाळी, अलंकारांनी मढलेला राजा. श्रीमंतांसाठी हस्तिदंताची किंवा कासवाच्या पाठीची पानेसुद्धा होत. दुसरी बाजार कलम : कागदाचे वा कापडाचे थर, चिंचोक्याची खळ, वर खडूचा लेप, रंग आणि लाख. चित्र चार-सहा झपाट्याच्या फटकाऱ्यांत पुरे.

७) बाजार कलमाच्या मत्स्याला कधी नीट डोळा नसे, घोड्याचे पाय मोजावेत तर हिशेब जुळत नसे. पण चिताऱ्याने एक गोष्ट कधीही ढिली सोडली नाही : रंग कोणता आणि पान कितवे, हे एका नजरेत कळले पाहिजे. खेळणाऱ्याला तेवढेच हवे होते. बाकीची सगळी कारागिरी मालकाच्या प्रतिष्ठेसाठी होती.

८) हस्तिदंताचा राजा आणि चिंचोक्याच्या खळीचा राजा हे डावात अगदी समान बळाचे होते. संस्थानिकाच्या संचातील प्रधान शेतकऱ्याच्या संचातील प्रधानाहून एक हातही अधिक जिंकू शकत नसे. किंमत चित्रात होती. बळ उतरंडीत होते. या दोन गोष्टींची फारकत हाच गंजिफेचा खरा लोकशाही गुण होय.

९) मग बळ वापरायचे कसे? रीती गावागणिक बदलत, पण गाभा असा : बहुधा तिघे खेळाडू. चादरीवर पाने पालथी घालून पिसायची, मग वाटायची. तिघांत १२० पाने, म्हणजे प्रत्येकी ४०. दिवसा ज्याच्याकडे रामाचा राजा त्याने उतारी करायची. सूर्य मावळल्यावर हा मान कृष्णाच्या राजाकडे जाई. राजासोबत एक हलके पान खाली येई व इतर दोघे दोन-दोन पाने टाकीत.

१०) या खेळात हुकमाचा रंग नाही. शिवाय उतारीचा रंग आपल्याकडे असला तरी तोच टाकण्याची सक्ती नाही. मेंढीकोट किंवा लाडीस खेळलेल्या वाचकाला हे चमत्कारिक वाटेल. सक्तीच नसेल तर डावपेच कुठून येणार? उत्तर एकाच शब्दात आहे : स्मरण.

११) एखाद्या रंगातील अजून न पडलेल्या पानांत जे सर्वांत वरचे, ते पान ‘हुकमी’. मत्स्याचा राजा पडला की मत्स्याचा प्रधान हुकमी झाला. प्रधानही गेला की त्याच्या खालचे. ज्याची उतारी, त्याने आपली हुकमी पाने ओळखून एकेक खाली ठेवायची. इतर दोघे नाइलाजाने आपली निरुपयोगी पाने त्यावर टाकीत राहतात.

१२) म्हणजे दहाही रंगांत या क्षणी अव्वल पान कोणते, हे दहा आकडे सतत मनात फिरते ठेवायचे. जिंकलेले हात उलटून पाहण्याची सोय नाही. त्यात आणखी एक खोच : पाच रंगांत प्रधानाच्या खाली दश्शी मोठी आणि एक्का सर्वांत हलका, उरलेल्या पाच रंगांत हाच क्रम उलटा. एका अवताराची दश्शी जपायची आणि दुसऱ्याची बेधडक फेकायची. घाईत फेकणारा येथेच बुडे.

१३) आता खरा पेच पाहा. वराहाचा प्रधान तुमच्याकडे आहे, राजा दुसऱ्याकडे. राजा बाहेर येईपर्यंत तुमचा प्रधान पंगू. सक्ती नसल्याने समोरचा राजा दडवून बसू शकतो. अशा वेळी मुरलेला खेळाडू वराहाचेच एक हलके पान उतरून तो राजा ओढून काढी. एक हात स्वखुशीने गमवायचा, पण त्या मोलात प्रधान हुकमी करून घ्यायचा.

१४) मात्र हा सौदा वेळेवरच फायद्याचा. राजा बाहेर काढताना उतारीही त्याच्याच हाती जाते. त्याच्याकडे हुकमी पानांची रांग तयार असेल, तर तो ती सगळी ओतून मोकळा होईल, आणि तेवढ्या हातांवर तुम्हाला आपली जपलेली पाने फेकावी लागतील. म्हणून आधी मोजायचे : त्याच्याकडे किती हुकमी उरली असतील, आणि माझ्याकडे फेकण्याजोगी किती?

१५) म्हणजे फेकलेले पानही बोलत असते. नरसिंहाची हलकी पाने कोणी एकामागून एक फेकू लागला तर त्याला त्या रंगाची आशा उरलेली नाही, किंवा तो तसे भासवतो आहे. शेवटच्या दहा-बारा पानांत समोरच्याच्या हातात काय आहे हे जवळजवळ अचूक सांगणारे खेळाडू या खेळाने घडवले. कारण त्याहून कमी स्मरणावर येथे जिंकताच येत नसे.

१६) या विद्येला ग्रंथांचाही आधार मिळाला. औरंगाबादच्या हरिकृष्णांनी एकोणिसाव्या शतकात रचलेल्या ‘क्रीडाकौशल्य’ या संस्कृत ग्रंथात बुद्धिबळ, सोंगट्या इत्यादींसोबत गंजिफेलाही स्थान आहे. पण खेळ शिकवणारे खरे विद्यापीठ ओसरीवरची चादर हेच होते, आणि तिच्यावर पसरलेली पाने बहुतांशी बाजार कलमाची असणार.

१७) मग ही पाने गेली कुठे? उत्तर सोपे आणि बोचरे आहे. जी रोज खेळली जात, ती झिजली. लाख उडाली, कडा फाटल्या, एखादे पान हरवले आणि १२० चे ११९ झाले की संच निकामी. दरबार कलमाचे संच मात्र रंगीत पेटीत, सरकत्या झाकणाखाली सुरक्षित राहिले. संग्रहालयांत बाजार कलम अगदीच नाही असे नव्हे. पण आपल्या मनातील गंजिफेचे चित्र दरबाराने घडवले आहे. जे कमी हाताळले गेले तेच इतिहास म्हणून उरले.

१८) स्वस्त पानांना मारले ते अधिक स्वस्त पानांनी. १८३१ मध्ये लंडनच्या थॉमस डी ला रू याला छापील पत्त्यांसाठी राजसनद मिळाली आणि पत्ते यंत्रावर निघू लागले. ५२ पानांचा कॅट हिंदुस्थानी बाजारात सुळसुळाट करू लागल्यावर, १२० पाने एकेक हाताने रंगवणारा चितारी किमतीत त्याच्याशी कसा टिकणार? बाजार कलमाचा सगळा जोर स्वस्ताईवर होता. ती स्वस्ताईच त्याच्या हातून हिसकावली गेली.

१९) एक गोष्ट येथे ध्यानात घ्यावी. ५२ पानांचे खेळ अधिक खोल होते म्हणून गंजिफा हरली, असे म्हणण्यास आधार नाही. शिकण्यास सोपे, खिशात मावणारे आणि हरवले तर दुसरे घेता येणारे, हे त्या पत्त्यांचे बळ. खेळाचे आयुष्य त्याच्या बुद्धिमत्तेइतकेच त्याच्या प्रवेशमूल्यावर ठरते.

२०) हेच सूत्र आपल्या काळात, अगदी वेगळ्या टोकाला, पुन्हा सिद्ध झाले. १९९३ मध्ये अमेरिकन गणितज्ञ रिचर्ड गारफिल्ड यांचा ‘मॅजिक : द गॅदरिंग’ हा संग्राह्य पत्त्यांचा खेळ निघाला. त्यात प्रत्येकाने आपला संच स्वतः जमवायचा. दुर्मिळ पाने थोडी छापली जात, आणि त्यांतली काही अत्यंत बलवान. गंजिफेत फारकत झालेली किंमत आणि बळ येथे पुन्हा एकत्र आली. श्रीमंताचा राजा खरोखरच मोठा झाला.

२१) यावर खेळाडूंनीच तोड काढली : ‘पॉपर’, म्हणजे कंगालांचा प्रकार. नियम एकच कडक : कधी ना कधी ‘कॉमन’ म्हणून छापले गेलेले पानच चालेल. किमान ६० पानांचा संच, एकाच पानाच्या चारच प्रती (मूळ जमिनीची पाने वगळून), शिवाय दोन डावांमध्ये अदलाबदलीसाठी १५ राखीव. २००८ मध्ये या प्रकाराला ऑनलाइन खेळात अधिकृत स्थान मिळाले. २०१९ मध्ये प्रत्यक्ष पत्त्यांच्या स्पर्धांसाठीही मान्यता मिळाली.

२२) स्वस्त म्हणजे सोपे, असे येथेही झाले नाही. झटपट मारा करणारे लाल संच, समोरच्याचे प्रत्येक पान अडवणारे निळे संच, दोन-तीन पानांची सांगड जुळताच डाव संपवणारे संच, आणि या प्रत्येकावर उतारा म्हणून कोणती १५ पाने राखीव ठेवायची याचा खल. काही साधी पाने इतकी जुलमी ठरली की त्यांवर बंदी घालावी लागली. दौलत बाजूला काढली की बुद्धीची चुरस उघडी पडते, संपत नाही.

२३) दोन्हींतला फरकही नोंदवला पाहिजे. पॉपरमध्ये अर्धा डाव घरीच, पाने निवडताना, खेळला जातो. गंजिफेत सर्वांचा संच एकच. नशीब वाटणीत, कौशल्य स्मरणात. पण प्रतिज्ञा समान आहे : जिंकणाऱ्याने पैशाच्या थैलीने जिंकू नये.

२४) पुन्हा सावंतवाडीला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही कला अखेरच्या घटका मोजत असताना शिवरामराजे भोसले व राणी सत्त्वशीलादेवी यांनी उतारवयातील पुंडलिक चितारी यांच्याकडून ती विद्या पुढच्या हातांत उतरवून घेतली. १९७१ मध्ये ‘सावंतवाडी लॅकरवेअर्स’ उभे राहिले. राजवाड्याच्या दरबारात चित्रकार बसून पाने रंगवू लागले. मुंबईत दीर्घकाळ राहिलेल्या रुडॉल्फ फॉन लायडन यांनी या पानांचा अभ्यास केला. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने १९८२ मध्ये त्यांचे गंजिफेवरील पुस्तक प्रकाशित केले.

२५) या सर्वांचे ऋण मोठे आहे; त्यांच्यावाचून आज लिहिण्यासारखेही काही उरले नसते. परंतु जे वाचले ते चित्र. हाताने रंगवलेला पूर्ण संच साहजिकच महाग. घेणारा तो जपून ठेवतो, भेट देतो, भिंतीवर लावतो. चादरीवर पसरून, घामट हातांनी पिसून, चिडून आपटण्यासाठी तो कोणीच घेत नाही. म्हणजे दरबार कलम परतली. बाजार कलम नाही.

२६) कलाकाराला त्याच्या श्रमाचे पूर्ण मोल मिळालेच पाहिजे, यात वाद नाही. पण त्याच्याच शेजारी साध्या कागदावर छापलेला, फाटला तर हळहळ न वाटणारा १२० पानांचा संचही हवा. एकाने हात टिकतील, दुसऱ्याने खेळ टिकेल. चित्र पिढ्यान्‌पिढ्या पेटीत राहू शकते. डावपेच मात्र केवळ माणसाच्या डोक्यात राहतात, आणि तीन पिढ्या कोणी खेळले नाही तर ते परत मिळत नाहीत.

२७) तेव्हा वाचकहो, आपल्या घरी एखादी गंजिफा असेल, तर तिच्या चित्राची छायाचित्रे अवश्य घ्या. पण त्याआधी घरातल्या सर्वांत वयस्क माणसाशेजारी बसा आणि विचारा : ‘आजी, तुमच्याकडे उतारी कोण करायचं? राजा दडवून बसणाऱ्याला कसं बाहेर काढायचात?’ जे उत्तर येईल ते जसेच्या तसे लिहून ठेवा. कोणत्याही संग्रहालयात नसलेला बाजार कलमाचा तो ऐवज असेल.

(धागा समाप्त)